रोज पंचवीस शब्द पाठ, तरी वर्गात तोंडाला कुलूप

पत्र थोडक्यात असं : तालुक्याच्या गावात राहणाऱ्या एका आईने लिहिलं आहे. त्यांची मुलगी पहिलीपासून मराठी माध्यमात शिकली. दहावीला ९१ टक्के मिळाले. डॉक्टर व्हायचं म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी अकरावी सायन्सला प्रवेश घेतला आणि ती मावशीकडे राहायला गेली. सायन्स सगळं इंग्रजीतून. दोन महिन्यांतच मुलीचा धीर सुटला. ‘मला शब्दच येत नाहीत,’ एवढंच म्हणते. कुणीतरी सुचवलं म्हणून ‘अॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’चं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यातले पंचवीस शब्द ती रोज पहाटे उठून पाठ करते. आठवड्याने विचारलं तर चार-पाच आठवतात, मग रडू येतं. वर्गात ती तोंड उघडत नाही. घटक चाचणीत फिजिक्सला २५ पैकी ९ मिळाले. आता एका क्लासचा तीन महिन्यांचा, १४ हजार रुपयांचा शब्दसंग्रहाचा कोर्स समोर आला आहे. आईचे प्रश्न असे : कोर्स लावावा का? घरात मराठी बोलणं बंद करावं का? वेळीच आर्ट्सला बदलून घ्यावं का? आणि शेवटी, मराठी माध्यमात घातलं ही आमची चूक झाली का?

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच पोटातून निघालेले आहेत. नाही, तुमची चूक झालेली नाही. तुमचं मन राखायला म्हणत नाही, तुमच्या मुलीला आज जे येतं ते बघून म्हणते.

तिने दहावीत उष्मादायी आणि उष्माग्राही अभिक्रिया शिकल्या आहेत. उष्मा देते ती उष्मादायी, घेते ती उष्माग्राही. शब्द वाचला की अर्थ हातात येतो. इंग्रजी माध्यमातली कितीतरी मुलं ‘एक्झोथर्मिक’ आणि ‘एंडोथर्मिक’ यांची उलटापालट करत राहतात, कारण ‘एक्झो’ म्हणजे बाहेर आणि ‘एंडो’ म्हणजे आत हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तुमच्या मुलीला समस्थानिक माहीत आहे, म्हणजे आयसोटोप काय ते माहीत आहे. बहुवारिक कळलं आहे, म्हणजे पॉलिमर कळलं आहे. त्वरण, संवेग, जडत्व, अपवर्तन, उत्प्रेरक, गुणसूत्र हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे आणि त्याच जोरावर तिने ९१ टक्के मिळवले आहेत. तिला या गोष्टी पहिल्यापासून शिकायच्या नाहीत. माहीत असलेल्या गोष्टीला दुसरं नाव जोडायचं आहे. हे काम कितीतरी हलकं आहे, फक्त ते कुणी तिला नीट मांडून दिलेलं नाही.

शिवाय ती इंग्रजीला अगदी नवखीही नाही. आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षांचं इंग्रजी तिच्या गाठीशी आहे. ते अकरावीच्या पुस्तकाला पुरत नाही एवढंच, आणि नेमकं कुठे पुरत नाही हे शोधल्याशिवाय शब्द पाठ करत सुटणं म्हणजे पोटदुखीला दिसेल ती गोळी देणं.

आता त्या जाडजूड पुस्तकाकडे येते. तुम्ही पत्रात त्यातल्या काही शब्दांची नमुन्यादाखल यादी दिली आहे : ‘ओबफस्केट’, ‘पर्स्पिकेशस’, ‘लोक्वेशस’, ‘अॅबस्टीमिअस’. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं. यातला एकही शब्द आपल्या बोर्डाच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या पुस्तकात मला कधी भेटला नाही. अशा बहुतेक याद्यांचं मूळ परदेशी प्रवेश परीक्षांच्या तयारीत असतं. अमेरिकेतल्या ‘सॅट’ परीक्षेत पूर्वी एकेकटं वाक्य देऊन त्यातली जागा क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दाने भरायला लावत, म्हणून तिकडची मुलं अशा याद्या घोकायची. मार्च २०१६ पासून ‘सॅट’नेही तो प्रकार बंद केला आणि उताऱ्यात नेहमी येणाऱ्या शब्दांचा संदर्भातला अर्थ विचारायला सुरुवात केली. त्यांनी सोडलेली घोकंपट्टी आपल्या गावातली मुलगी पहाटे चार वाजता करते आहे, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

‘अॅडव्हान्स्ड’ म्हटलं की अवघड आणि दुर्मिळ शब्द, असं आपण धरून चालतो. मला वाटतं सगळा गोंधळ याच समजुतीने केला आहे. तिच्या वयाला आणि अभ्यासाला प्रगत शब्द कोणते, याचं उत्तर वेगळं आहे आणि त्यावर चांगलं कामही झालेलं आहे.

मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगालमधली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात, पण वाचू शकत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. दोष त्यांना पुस्तकांत सापडला. पुस्तकं जुनाट, क्वचितच कामाला येणाऱ्या शब्दांनी भरलेली होती आणि नवे शब्द एकावर एक कोसळत होते. वेस्ट यांनी तसे शब्द काढून नेहमीचे घातले आणि नवे शब्द विरळ पेरले. पुढे १९५३ साली त्यांनी सर्वांत उपयोगी अशा सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. २००० साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या विद्यापीठातल्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी पुढची पायरी बांधली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या शाखांमधला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर घेऊन, वेस्ट यांच्या दोन हजारांपलीकडचे कोणते शब्द सगळ्याच विषयांत पुन्हा पुन्हा येतात ते त्यांनी काढलं. निघाली फक्त ५७० शब्दकुटुंबं. कुटुंब म्हणजे ‘अॅनालाइझ’, ‘अॅनालिसिस’, ‘अॅनालिटिकल’ हे सगळे मिळून एक. त्या मजकुरात वेस्ट यांचे दोन हजार शब्द सुमारे ७६ टक्के जागा व्यापत होते आणि ही ५७० कुटुंबं आणखी सुमारे १० टक्के.

या ५७० मध्ये कोणते शब्द आहेत? ‘असूम’, ‘डिराइव्ह’, ‘कन्सिस्ट’, ‘ऑब्टेन’, ‘कॉन्स्टंट’, ‘सिग्निफिकंट’, ‘सब्सिक्वंट’, ‘व्हेअरअॅज’. दिसायला साधे. यातला एकही शब्द कुणाला भारून टाकणार नाही. पण पाठ्यपुस्तकाचं वाक्य उभं राहतं ते यांच्यावर. ‘मायटोकाँड्रिया’सारखी संज्ञा शिक्षक फळ्यावर लिहून समजावून सांगतात. ‘सब्सिक्वंट’ म्हणजे ‘नंतरचा’, हे मात्र कुणी समजावून सांगत नाही, ते सगळ्यांना येतं असं धरलेलं असतं. मराठी माध्यमातून आलेली मुलं अडतात ती इथे, आणि अडलो कुठे हे त्यांनाही कळत नाही. मग ‘मला शब्दच येत नाहीत’ असं मोघम दुःख तेवढं उरतं.

अकरावीच्या फिजिक्समध्ये नेहमी येणाऱ्या धाटणीचं एक उदाहरण बघू : ‘अ ब्लॉक, इनिशियली अॅट रेस्ट, स्लाइड्स डाउन अ स्मूथ इन्क्लाइन. निग्लेक्टिंग एअर रेझिस्टन्स, डिराइव्ह अॅन एक्स्प्रेशन फॉर इट्स स्पीड अॅट द बॉटम.’ यात अवघड म्हणावा असा शब्द आहे का? तरी मुलगी गप्प बसते. ‘इनिशियली अॅट रेस्ट’ हे तीन शब्द खरं तर गणितातली एक किंमत सांगताहेत : सुरुवातीचा वेग शून्य. ‘रेस्ट’ म्हणजे विश्रांती एवढंच माहीत असेल तर ती किंमत सापडत नाही आणि मुलगी म्हणते, गणितात माहिती कमी दिली आहे. ‘स्मूथ’ म्हणजे गुळगुळीत हे तिला येतं, पण फिजिक्सच्या पुस्तकात त्याचा हुकूम असा आहे की घर्षण शून्य धरा. ‘निग्लेक्टिंग’ म्हणजे हवेचा विरोध हिशेबात घेऊ नका. ‘डिराइव्ह’ म्हणजे नुसतं उत्तर लिहू नका, पायऱ्या दाखवा. तिथेच गुण जातात. आणि ‘एक्स्प्रेशन’ म्हणजे चेहऱ्यावरचा भाव नव्हे, अक्षरांत मांडलेलं सूत्र. हेच गणित मराठीत दिलं तर तुमची मुलगी ते सोडवेल असं मला वाटतं. २५ पैकी ९ गुणांमागे फिजिक्स किती आणि ही पाच-सहा इंग्रजी पदं किती, हे आधी बघायला हवं.

‘रिस्पेक्टिव्हली’ हा असाच एक शब्द. ‘ए आणि बी यांची वस्तुमानं दोन किलो आणि पाच किलो रिस्पेक्टिव्हली’ असं आलं की मुलं थबकतात. ‘अनुक्रमे’ म्हटलं की लख्ख कळतं. हा शब्द ती पाचवी-सहावीपासून वापरते आहे.

तेव्हा पहिलं काम : ते पुस्तक कपाटात ठेवा आणि पहाटेचे पंचवीस शब्द बंद करा. आज रात्रीपासूनच. झोप पूर्ण होऊ द्या.

दुसरं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं आणि त्याला एक रुपया लागत नाही. बालभारतीचं विज्ञानाचं पुस्तक मराठीत निघतं तसंच इंग्रजीतही निघतं. धडे तेच, क्रम तोच, आकृत्याही त्याच. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही पीडीएफ फुकट मिळतात. नववी आणि दहावीच्या विज्ञानाची इंग्रजी पुस्तकं उतरवून घ्या. तिची जुनी मराठी पुस्तकं घरात असतीलच, रद्दीत दिली असली तर तीही उतरवून घ्या. आता दोन्ही शेजारी शेजारी उघडून, रोज दोन पानं, आधी मराठी परिच्छेद आणि मग तोच इंग्रजी परिच्छेद वाचायचा. आशय पाठच आहे, त्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे देता येतं. ‘याउलट’ला पुस्तकाने काय लिहिलं, ‘त्यामुळे’ला काय, ‘असे गृहीत धरू’ला काय, हे तिला आपोआप दिसू लागेल. शब्दकोशात एका शब्दाला सहा अर्थ मिळतात आणि त्यातला कोणता घ्यायचा ते कळत नाही. इथे वाक्यासमोर वाक्य आहे. गुरुत्वाकर्षण, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, कार्बनी संयुगे हे चार-पाच धडे असे झाले की अकरावीचं पुस्तक तिला अर्धं ओळखीचं वाटेल.

तिसरं काम वहीचं. एक दोनशे पानी वही, एका पानावर दोनच शब्द. रोज पाच शब्द, त्याहून जास्त नाहीत, आणि तेही तिला त्या दिवशी वाचताना भेटलेले, अडलेले. यादीतून उचललेले नाहीत. समजा ‘सिग्निफिकंट’ भेटला. वहीत आधी तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य उतरवायचं. फिजिक्सच्या पहिल्याच धड्यात, मोजमापांच्या, ‘सिग्निफिकंट फिगर्स’ येतात. बायोलॉजीत मात्र ‘प्लेज अ सिग्निफिकंट रोल’ असं येतं. दोन्ही वाक्यं लिहायची. खाली मराठी अर्थ. त्याखाली उच्चार देवनागरीत, आणि जोर ज्या अक्षरावर येतो त्याखाली रेघ : सिग्-नि-फि-कंट, रेघ ‘नि’खाली. मग कुटुंब : सिग्निफिकन्स, सिग्निफिकंटली, इन्सिग्निफिकंट. मग सोबती, म्हणजे हा शब्द कुणाबरोबर येतो : सिग्निफिकंट डिफरन्स, सिग्निफिकंट चेंज. आणि शेवटी तिचं स्वतःचं एक वाक्य, तिच्या अभ्यासातलं किंवा घरातलं. एका शब्दाला सहा-सात मिनिटं लागतील. लागू द्या. शब्द आला असं कधी म्हणायचं? अर्थ सांगता आला तेव्हा नव्हे, वाक्यात योग्य जागी बसवता आला तेव्हा.

तुम्हाला पाच शब्द कमी वाटतील. हिशेब करू. आठवड्याचे सहा दिवस, रोज पाच, म्हणजे आठवड्याला ३०. त्या ५७० कुटुंबांना १९ आठवडे पुरतात. आज सुरुवात केली तर वार्षिक परीक्षेच्या आत होतं. ही यादी ठरलेल्या क्रमाने पाठ करा असं मी म्हणत नाही, वाचनात तेच शब्द समोर येणार आहेत. मुक्कामाला पोचायचं अंतर किती, ते कळावं म्हणून सांगितलं.

आता विसरण्याबद्दल. ‘माझ्या मुलीची स्मरणशक्ती कमी झाली’ असं तुम्ही लिहिलं आहे. तसं काही नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरगट पाठ केले आणि विसरण्याचा वेग मोजला. पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वांत जास्त गळतं, नंतर गळती मंदावते. वाक्य नाही, प्रसंग नाही, पुन्हा भेट नाही अशा शब्दांची यादी ही तिच्यासाठी जवळजवळ निरर्थक अक्षरंच आहेत. पंचवीसातले पाच राहतात, यात तिचा काही दोष नाही. कुणाचंही असंच होईल.

यावरचा उपाय म्हणजे जास्त वेळा वाचणं, असं सगळे सांगतील. मी सांगेन, जास्त वेळा आठवून बघणं. २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून वहीतल्या शब्दांच्या चिठ्ठ्या करा. जुन्या लग्नपत्रिका कापून छान चिठ्ठ्या होतात. एका बाजूला मराठी अर्थ आणि वाक्यातली रिकामी जागा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठा लावून चार कप्पे करायचे. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. आठवली की दुसऱ्यात, तो तीन दिवसांनी. तिथेही आठवली की तिसऱ्यात, आठवड्याने. मग चौथ्यात, महिन्याने. कुठेही अडली की परत पहिल्यात, आणि त्याबद्दल रागवायचं नाही. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात ही पेटीची पद्धत लोकांपर्यंत पोचवली. आज मोबाइलवरची शब्द शिकवणारी कितीतरी अॅप त्याच तत्त्वावर चालतात. मोबाइल हातात आला की अभ्यास बाजूला पडतो असा अनुभव असेल तर खोकंच बरं.

शब्दकोश कोणता, हेही विचारलं आहेत. दोन हवेत. इंग्रजी-मराठी घरात असेल तो चालेल, पहिली ओळख त्यानेच करायची. दुसरा इंग्रजी-इंग्रजी, पण शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांनी परभाषक विद्यार्थ्यांसाठी कोश केला. तो १९४२ साली तिथे निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने काढला. आजची ‘अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ ती हीच. १९७८ साली आलेल्या लाँगमनच्या कोशात सगळे अर्थ जेमतेम दोन हजार सोप्या शब्दांत दिलेले आहेत. दोन्ही मोबाइलवर फुकट बघता येतात आणि उच्चार ऐकू येतो. या कोशांत शब्द वाक्यात कसा वापरतात तेही दिलेलं असतं, आणि तिला त्याचीच गरज आहे.

घरात मराठी बंद करू नका. कृपा करून करू नका. मुलगी महिन्यातून एकदा-दोनदा घरी येणार आणि आईशी तुटक इंग्रजीत बोलणार, त्यातून शब्द वाढणार नाहीत, बोलणं मात्र आटेल. आज तिला मन मोकळं करायला जी भाषा आहे तीच काढून घेतली तर ती रडेल कुठे? शब्द शिकण्याच्या बाजूनेही याचा उपयोग नाही. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले पॉल नेशन हे अभ्यासकही नव्या शब्दाची पहिली गाठ मातृभाषेतल्या अर्थाने घालून द्यायला सांगतात. मराठीचा उपयोग उलट वाढवा. ती सुट्टीला आली की तिला विचारा, ‘या आठवड्यात बायोलॉजीत काय झालं, मला मराठीत समजावून सांग.’ समजावताना ती जिथे अडखळेल तिथे तिला विषयच कळलेला नाही, हे तिचं तिला कळेल. जिथे सरळ सांगेल तिथे फक्त इंग्रजी अडलं आहे. ही परीक्षा तुमच्याइतकी चांगली दुसरं कुणी घेऊ शकणार नाही, आणि त्यासाठी तुम्हाला इंग्रजी यायला हवं असंही नाही.

बाहेरचं वाचन कसं निवडायचं? नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की कुणाची मदत न घेता नीट समजायला मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे ५० शब्दांत अनोळखी एक. यावरून घरच्या घरी चाचणी करता येते. पुस्तकाचं मधलंच एक पान उघडायचं. साधारण २५० शब्दांच्या पानावर पाच-सहा शब्द अडले तर घ्यावं, पंधरा-वीस अडले तर आत्ता नको. इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख तिच्या हातात देऊ नका. त्याऐवजी मराठी पेपरात वाचलेली एखादी बातमी, क्रिकेटची, पावसाची, परीक्षेच्या वेळापत्रकाची, तीच त्या दिवशीच्या इंग्रजी पेपरात शोधून वाचायची. आशय माहीत असला की शब्द अंदाजाने सुटतात, आणि असा सुटलेला शब्द जास्त टिकतो.

वर्गातल्या मौनाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तोंडाला कुलूप लागतं ते बहुधा उच्चाराच्या भीतीने. तिने हे शब्द डोळ्यांनी वाचले आहेत, कानांनी ऐकलेले नाहीत. ‘अॅनालाइझ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आणि ‘अॅनालिसिस’मध्ये तो ‘ना’वर सरकतो, ‘फोटोग्राफ’चा जोर ‘फोटोग्राफी’त बदलतो. एकदा कुणी हसलं की मुलगी पुन्हा बोलत नाही. यासाठी रोज दहा मिनिटं, दार लावून, उद्या वर्गात होणाऱ्या धड्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. शंका असलेले शब्द कोशात ऐकून घ्यायचे, मोबाइलवर आपला आवाज रेकॉर्ड करून ऐकायचा. मग आठवड्यातून एकदा वर्गात एकच प्रश्न विचारायचा, तो आदल्या रात्री कागदावर लिहून. ‘सर, व्हाय डू वुई असूम दॅट द सरफेस इज स्मूथ?’ एवढाही पुरे. इंग्रजीत जमत नसेल तर मराठीत विचारावा. मला भेटलेले बहुतेक प्राध्यापक स्वतः मराठी शाळेत शिकलेले होते आणि तास संपल्यावर मराठीत आलेल्या शंकेला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. मावशींना सांगा, तिच्या वाचण्यावर घरात कुणी टिप्पणी करायची नाही, कौतुकाचीसुद्धा.

१४ हजारांच्या कोर्सबद्दल. पैसे भरण्याआधी तिथे जाऊन तीन गोष्टी विचारा. शब्द कुठून घेता, आमच्या मुलीच्या पुस्तकांतून की तुमच्या छापील यादीतून? मागच्या महिन्यात शिकवलेले शब्द या महिन्यात पुन्हा विचारता का? मुलगी स्वतः वाक्यं लिहील, ती तपासून कोण देणार? तिन्हींची समाधानकारक उत्तरं मिळाली तर विचार करायला हरकत नाही. ‘९० दिवसांत तीन हजार शब्द’ असं काही ऐकवलं तर नमस्कार करून परत या. त्यातले हजार-बाराशे रुपये शिकणाऱ्यांसाठीच्या एका छापील कोशावर खर्च झाले तर ते वर्षानुवर्षं कामाला येतील.

हा स्तंभ वाचणाऱ्या आठवी-नववीच्या पालकांनाही सांगते, थांबू नका. सेमी-इंग्रजीत असलेल्या मुलांना संज्ञा इंग्रजीत येतात, पण वाक्य जोडणारे शब्द त्यांनाही अडतात, हे अनेकदा अकरावीतच उघडं पडतं. दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायची सवय आठवीच्या उन्हाळी सुट्टीत लावली तर पुढचा बराच त्रास वाचेल. आणि शिक्षकहो, तुमचा विषय कोणताही असो, धडा सुरू करताना संज्ञांबरोबर ‘व्हेअरअॅज’, ‘हेन्स’, ‘प्रोव्हायडेड दॅट’ अशी दोन-तीन जोडपदंही फळ्यावर लिहा आणि मराठीत एकदा सांगा. दोन मिनिटं लागतात.

राहिला शाखा बदलायचा प्रश्न. आर्ट्स ही काही पडेल त्याची शाखा नव्हे. तुमच्या मुलीला इतिहास, भाषा, मानसशास्त्र आवडत असेल तर आनंदाने जावं. पण ‘इंग्रजी जमत नाही’ या कारणासाठी आत्ताच जाऊ नये. तिचं लक्ष्य ‘नीट’ आहे. ‘नीट’मध्ये इंग्रजी भाषेचा वेगळा पेपर नाही, तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच विचारतात, आणि प्रश्नपत्रिका मराठीतही मागता येते. तशी मागितली तर मराठीबरोबर इंग्रजी प्रश्नही छापलेला असतो. हा पर्याय घ्यायचा की नाही ते बारावीत ठरवता येईल. दोन वर्षं इंग्रजी पुस्तकांतून अभ्यास केल्यावर काहींना इंग्रजी प्रश्नच सोपे वाटतात. आत्ता फक्त दार उघडं आहे हे तिला माहीत असू द्या.

निर्णयाआधी एक करा. घटक चाचणीची ती ९ गुणांची उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका घेऊन तिच्याबरोबर बसा. गुण गेलेला प्रत्येक प्रश्न तिला मराठीत सांगायला लावा. प्रश्न कळला असता तर उत्तर आलं असतं, अशा ठिकाणी निळी खूण. प्रश्न कळूनही उत्तर आलं नसतं, तिथे लाल. निळ्या जास्त निघाल्या तर वर लिहिलेलं सगळं लागू आहे, पहिल्या सत्राच्या परीक्षेपर्यंत तिला वेळ द्या आणि तेव्हा हीच तपासणी पुन्हा करा. लाल जास्त निघाल्या तर अडचण शब्दांची नाही, विषयाची आहे. मग फिजिक्सच्या शिक्षकांशी बोलायला हवं आणि शब्दांच्या कोर्सचा काडीचाही उपयोग नाही. दोन्ही खुणा किती निघाल्या ते मला लिहा, पुढचं त्यावरून ठरवू. आणि ती जेवतच नसेल, झोपतच नसेल, कॉलेजला जायचं नाव काढलं की पोटात दुखत असेल, तर परीक्षेची वाट न बघता तिला आठ दिवस घरी आणा आणि डॉक्टरांना दाखवा.